अंगणाच्या कडेची रुई



आज मी गुलाबाची गोष्ट सांगणार नाही, शेवंतीचीही नाही. आज रुईची गोष्ट सांगणार आहे. बघा, काही जण हसलेच! "रुई काय कोणी लावते? ती तर उकिरड्यावर आपोआप उगवते." खरे आहे. पण ऐकून तर घ्या.

आपले बेसा आता नागपूर शहराला जाऊन भिडले आहे. जिथे तूर आणि पऱ्हाटी डोलत होती तिथे ले-आऊट पडले. घरे झाली, घरापुढे हातभर अंगण राहिले. त्या अंगणात काय लावावे? मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. विहीर तळ गाठते. पाणी माणसाला पुरत नाही, तिथे फुलझाडाला कोण घालणार? नाजूक झाड आठ दिवसांत वाळते. आणि धुऱ्यावरची रुई? ती भर उन्हात फुललेली असते. तिला कोणी तांब्याभर पाणी घातलेले नसते.

हे तिला कसे जमते? रुईचे पान हातात घ्या. त्यावर पांढरी लव असते, पिठासारखी. त्यामुळे पान लांबून चांदीसारखे दिसते. ही लव उन्हाचा मारा परतवते आणि पानातले पाणी लवकर उडू देत नाही. मूळही सरळ खोल जाते. वरची माती भाजली तरी खालची ओल त्याला सापडते.

रुईच्या दोन जाती आपल्याकडे दिसतात. एकीचे झाड मोठे, फुले फिकट जांभळी किंवा पांढरी, पाकळ्या मागे वळलेल्या. दुसरीचे झाड जरा लहान, पाकळ्या उभ्या आणि त्यांची टोके जांभळी. हारासाठी पहिली चांगली. शनिवारी मारुतीला रुईच्या पानाफुलांचा हार घालतात. हनुमान जयंतीला तर देवळापुढे हारवाल्यांची रांग लागते. गणपतीच्या एकवीस पत्रींतही रुईचे पान आहे. चार झाडे दारी असली तर हार विकत का आणावा?

आता लावायची कशी ते सांगतो.

उन्हाळ्यात रुईची बोंडे पिकतात. बोंड उकलले की रेशमासारख्या म्हाताऱ्या उडतात. उकलण्याच्या आधीच पिकले बोंड काढून घ्या. आतले चपटे बी वेगळे करा. पाऊस लागला की अर्धा इंच खोल पेरा. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतो. बी नसेल तर जून फांदीची वीतभर कांडी घ्या. कापल्यावर दूध गळते. ते सुकू द्या आणि मग कांडी लावा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आपली जमीन काळी. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबते. रुईला उन्ह सोसते, पण तुंबलेले पाणी सोसत नाही. मुळे कुजतात. म्हणून मुरूम आणि माती मिसळून हातभर उंच वरंबा करा, त्यावर लावा. दोन झाडांत पाच-सहा फूट अंतर ठेवा. पहिल्या वर्षी अधूनमधून पाणी द्या. पुढे तिचे तीच बघते. खत नको. रोप मोठे झाल्यावर उपटून दुसरीकडे लावू नका. खोल मूळ तुटते आणि झाड मरते. झाड फार वाढले तर पावसाळ्याच्या तोंडी छाटा. पुन्हा फुटते.

पानांवर कधी पिवळा मावा येतो. घाबरू नका. हा मावा रुई-कण्हेरीचा. तो तुमच्या तुरीवर जात नाही. पाण्याची धार मारली की गळतो. नारिंगी पंखांचे एक फुलपाखरूही येथे अंडी घालते. त्याची पट्ट्यापट्ट्यांची अळी पाने खाते. खाऊ द्या. झाड मरत नाही. मोठे काळे भुंगे फुलांवर येतात, त्यांनाही हाकलू नका. त्यांच्यामुळेच बोंड धरते.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. ते नीट ऐका.

रुईचे दूध विषारी आहे. ते पोटात जाऊ नये, आणि डोळ्यात तर मुळीच जाऊ नये. माझ्यावरच ही पाळी आली होती. हनुमान जयंतीच्या पहाटे मी फुले तोडली. बोटांना दूध लागले होते. घाम आला म्हणून त्याच बोटांनी डोळा पुसला. थोडे चुरचुरले आणि थांबले. दुखले नाही. मी म्हटले, काही झाले नाही. सांजच्याला दिव्याभोवती धुके दिसू लागले. समोरचा माणूस ओळखू येईना. घरातली म्हातारी म्हणाली, "डोळ्यात तूप घाल." सून म्हणाली, "काही घालू नका, आधी नागपूरला चला." मी सुनेचे ऐकले. डॉक्टरांनी सांगितले, "या दुधाने डोळा बधिर होतो. दुखत नाही म्हणून माणूस फसतो. पण आत डोळ्याची काच सुजते." औषध घातले, काही दिवसांनी दिसू लागले. उशीर केला असता तर काय झाले असते, कोण जाणे!

महाभारतात उपमन्यूची गोष्ट आहे. भुकेपोटी त्याने रुईची पाने खाल्ली, आंधळा झाला आणि विहिरीत पडला. त्याने पाने खाल्ली होती, माझे दूध डोळ्यात गेले होते. पण रुईशी जपून वागावे हे जुन्या लोकांनाही माहीत होते.

म्हणून रुई दाराजवळ लावू नका, पोरे खेळतात तिथे लावू नका, गोठ्याजवळ लावू नका. कुंपणाच्या कडेला लावा. फुले तोडताना हाताला कापड गुंडाळा. काम झाले की साबणाने हात धुवा. तोवर डोळ्याला हात नको. चुकून दूध डोळ्यात गेलेच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा. तूप, मध, दूध काही घालू नका. दुखत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मी रुई तोडून टाकली का? नाही. ती अजून माझ्या कुंपणाला उभी आहे. दोष झाडाचा नव्हता, माझ्या हाताचा होता. तिचा गुण घ्यावा आणि तिचे विष ओळखून राहावे. येत्या पावसाळ्यात एक झाड लावून बघा. पण लावण्याआधी घरातल्या पोरांना ही गोष्ट वाचून दाखवा. आता तुम्हांला वाचता येते!