जालन्याचे बियाण्यांचे व्यापारी



‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्या परिचयाची आहे. व्यापारानें या शहरांत श्रीमंत पुष्कळ झाले, परंतु कै. बद्रीनारायण बारवाले यांची लोकसेवा समजून घ्यावयाची, तर प्रथम त्यांच्या व्यापाराची जिन्नस पाहिली पाहिजे. ती जिन्नस म्हणजे बीं.

धान्य मुठींत घेऊन पारखतां येतें. बीं शुद्ध कीं भेसळीचें, हें मात्र पीक उभें राहिल्यावरच कळतें. तोंवर मृग निघून गेलेला असतो. फसलेल्या शेतकऱ्यास पैसे परत देतां येतील, हंगाम देतां येत नाहीं.

बारवाले मूळचे हिंगोलीचे. तरुणपणीं त्यांनीं हैदराबाद मुक्तिसंग्रामांत भाग घेतला. पुढें दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेनें काढलेली ‘पुसा सावनी’ ही भेंडीची जात त्यांनीं जालन्याच्या मातींत लाविली, आणि १९६४ सालीं ‘महाराष्ट्र हायब्रिड सीड्स’ ही कंपनी स्थापन केली. बीं तयार करण्याचें काम त्यांनीं लहान शेतकऱ्यांच्याच हातीं दिलें. भेंडी-कपाशीचें संकरित बीं करावयाचें, तर सायंकाळीं कळींतील पुंकेसर हातानें काढावे लागतात व दुसऱ्या सकाळीं निराळ्या जातीचे पराग लावावे लागतात. हें नाजूक काम बहुधा स्त्रियाच करतात. त्यामुळें या भागांतील खेड्यांस नवा रोजगार मिळाला.

या सुधारणेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संकरित पिकाचें घरचें बीं पुढच्या वर्षीं तसेंच उतरत नाहीं; तें दरसाल विकत घ्यावें लागतें. पूर्वी कणगींत राखून ठेवलेलें बीं शेतकऱ्याच्या मालकीचें होतें. आतां तो दुकानदाराच्या भरंवशावर पेरतो. म्हणूनच या धंद्यांत सचोटी हीच पहिली लोकसेवा होय. देणगी तिच्यामागून येते.

बारवाले यांनीं देणगीचें कर्तव्यही केलें. जालन्याचें श्रीगणपती नेत्रालय ही त्यांचीच स्थापना. १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पारितोषिक मिळालें, २००१ सालीं पद्मभूषण; २०१७ सालीं ते निवर्तले.

शेतकरी बंधूंनीं एवढें करावें: बियाण्याची पावती, पिशवी व तीवरील चिठ्ठी पीक घरीं येईपर्यंत जपून ठेवावी. भरंवसा ठेवावाच, पण त्याचा जाब विचारण्याचें साधन आपल्या हातीं असूं द्यावें.