डलहौसीचा वारस

माझं शालेय शिक्षण साताऱ्यात झालं. इतिहासाच्या तासाला लॉर्ड डलहौसीचं नाव निघालं की आमचं उत्तर पाठ असे : दत्तक वारस नामंजूर करून संस्थानं खालसा करणारा गव्हर्नर जनरल. पाच मार्कांचा प्रश्न. पण हा माणूस कोणाचा कोण, आणि त्याच्या पश्चात त्याच्या स्वतःच्या घराण्याचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी ते वाचनात आलं आणि मी थक्क झालो.

डलहौसी हे त्याचं आडनाव नव्हे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळ त्या नावाचा एक किल्लेवजा वाडा आहे. तिथल्या रॅम्से घराण्याला १६१८मध्ये लॉर्ड आणि १६३३मध्ये अर्ल हा किताब मिळाला. आपला डलहौसी म्हणजे जेम्स ब्रौन-रॅम्से. तो बापाचा तिसरा मुलगा. तिकडे किताबाची वाटणी होत नाही. थोरल्याला सगळं, बाकीच्यांनी आपापलं पाहावं. पण दोन्ही थोरले भाऊ आधीच वारले, आणि १८३८मध्ये हा तिसरा दहावा अर्ल झाला. नावातलं ‘ब्रौन’ आईकडचं. ती कोल्स्टनच्या इस्टेटीची वारसदार होती. त्या घरात एक जादूचं पेअर पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेलं आहे, ते शाबूत आहे तोवर घराणं सुखी, अशी दंतकथा सांगतात. आपल्याकडच्या वाड्यांतही अशा गोष्टी असतातच.

आता चुलत्याची कथा ऐका. डलहौसीच्या आजोबांचे मामा, पॅनम्यूरचे विल्यम मॉल, हे मोठे जमीनदार होते. त्यांना मूल नव्हतं. त्यांनी इस्टेट ठेवली भाच्याला, म्हणजे डलहौसीच्या आजोबांना, ती त्यांच्या हयातीपुरती. आणि नंतर भाच्याच्या दुसऱ्या मुलाला. या दुसऱ्या मुलानं रॅम्से आडनाव टाकून मॉल आडनाव घेतलं. निपुत्रिकाची मालमत्ता घ्यायची आणि त्याचं नाव चालवायचं. मराठीत याला आपण काय म्हणतो, ते सांगायला नको. हा मॉल डलहौसीचा सख्खा चुलता.

जानेवारी १८४८मध्ये पस्तिशीचा डलहौसी कलकत्त्याला रुजू झाला. एप्रिलमध्ये साताऱ्याचे शहाजीमहाराज, म्हणजे आप्पासाहेब, वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचं मत दत्तक मानावा असं होतं. डलहौसीनं ते मानलं नाही. दत्तकानं क्रियाकर्म करावं, खासगी मालमत्ता घ्यावी. राज्य मात्र सार्वभौम सत्तेच्या संमतीवाचून मिळणार नाही, असा त्याचा मुद्दा. सातारा गेलं. १८५३च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव गेले, त्यांनी आदल्याच दिवशी दत्तक घेतला होता. डिसेंबरात नागपूरचे रघुजी भोसले गेले. १८५४मध्ये ही दोन्ही राज्यंही खालसा झाली.

त्याच १८५३च्या मे महिन्यात डलहौसीची बायको मायदेशी जाताना जहाजावर वारली. त्यांना दोन मुलीच होत्या. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही.

पंजाब घेतल्याबद्दल १८४९मध्ये त्याला अर्लच्या वरचा मार्क्वेस हा किताब मिळाला होता. पण तो फक्त त्याच्या औरस मुलग्यांना चालणारा. डिसेंबर १८६०मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो वारला आणि मार्क्वेसपण त्याच्याबरोबर संपलं. १६३३चा जुना किताब मात्र पुरुषांच्या आडव्या शाखेतही जाऊ शकत होता. तो गेला कोणाकडे? त्याच मॉल चुलत्याच्या मुलाकडे, फॉक्स मॉलकडे. त्यानं रॅम्से आडनाव पुन्हा जोडून घेतलं. तोही १८७४मध्ये निपुत्रिक गेला. बापाकडून आलेला त्याचा पॅनम्यूर हा किताब बुडाला आणि अर्लपण आणखी एका चुलतभावाकडे, आरमारातल्या जॉर्ज रॅम्सेकडे गेलं. ते आजही चालू आहे. १९९९पासून सतरावे अर्ल आहेत. जुन्या डलहौसी वाड्यात आता हॉटेल आहे.

दत्तक घेऊन डलहौसीला आपलं मार्क्वेसपण वाचवता आलं असतं का? नाही. स्कॉटलंडात दत्तकाचा कायदाच १९३०मध्ये झाला. दत्तक मुलाला उमरावाचा किताब तिकडे अजूनही मिळत नाही. २००४पासून फक्त उमरावाच्या मुलांना लावतात ती मानाची उपाधी दत्तकांनाही लावता येते. म्हणून मी त्याला सरळ ढोंगी म्हणत नाही. मात्र त्याचा किताब बुडाला तेव्हा कोणाची चूल विझली नाही. आईकडची इस्टेट मुलींकडे गेली, किताब भावाकडे गेला. साताऱ्याची गादी बुडाली तेव्हा दरबार गेला, शिलेदार गेले, कारकून गेले.

मला हे इतकं का लागतं, सांगतो. मला खाला आणि खालूंनी वाढवलं. त्यांना मूल नव्हतं. आमच्या शरियतीत सांभाळलेलं मूल वारस होत नाही. खालू गेल्यावर खालाला तिचा चौथा हिस्सा मिळाला, बाकीचं त्यांच्या भावांना. त्यात अन्याय झाला असं मी म्हणत नाही, नियम सर्वांना ठाऊक होता. खालूंनाही ठाऊक होता. म्हणून त्यांनी हयातीतच एक खोली हिबा करून माझ्या ताब्यात दिली होती. माझ्या पहिल्या कविता त्या खोलीतल्या.

डलहौसीच्या धाकट्या मुलीचं सांगायचं राहिलं. एडिथ तिचं नाव. १८५९मध्ये तिचं लग्न स्कॉटलंडच्याच एका बॅरोनेटशी झालं. ती १८७१मध्ये ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला वारली. तिचा मुलगा चार्ल्स, डलहौसीचा नातू, १९२४मध्ये न्यूझीलंडचा गव्हर्नर जनरल झाला. किताब त्याला मिळाला तो बापाचा, आजोबांचा नव्हे. एडिथचा नवरा तिच्या मृत्यूनंतर, १८८०मध्ये मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. त्याचं नाव सर जेम्स फर्ग्युसन. पुण्याच्या ज्या कॉलेजात मी अनेकदा कविता वाचल्या, त्याच्या फाटकावर डलहौसीच्या जावयाचं नाव आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.