पायी चालणाऱ्याचा हिशेब

(कनेरगाव नाका येथील नागरिकांच्या सभेत एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्या गावाच्या नावातच 'नाका' आहे. एके काळी या बाजूला निजामाचे राज्य होते आणि पलीकडे इंग्रजांच्या अमलाखालचे वऱ्हाड. आजही हिंगोली आणि वाशीम या जिल्ह्यांची, म्हणजेच मराठवाडा आणि विदर्भ यांची हद्द येथेच लागते. नाका म्हणजे गाडीने थांबावे, चौकशी व्हावी आणि मग पुढे जावे असे ठिकाण. आता अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडमार्गे तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ याच टापूतून जातो. गाडीने थांबण्याचे दिवस संपले. थांबण्याची पाळी आता पायी चालणाऱ्यावर आली आहे. डोक्यावर भारा घेतलेली बाई, शाळेतून परतणारे पोर, दवाखान्यात निघालेला म्हातारा रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि दोन ट्रकांमधली फट शोधतात. त्यांना ती सापडली नाही, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार' अशी चार ओळींची बातमी येते.

या चार ओळींमागचा हिशेब आज आपण मांडू. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्के. मृत्यूंमधला वाटा मात्र ३६ टक्के. एखाद्या कारखान्यात दररोज नव्वद कामगार मेले असते तर सरकार हादरले असते. रस्त्यावर मेलेल्यांचा एक कारखाना नसतो, एक युनियन नसते आणि मोर्चाही नसतो. म्हणून ते मरण कोणाच्याच हिशेबात धरले जात नाही.

अर्थशास्त्रात एक जुना विचार आहे. १९२० साली पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने तो सविस्तर मांडला. एखाद्याच्या व्यवहाराचा लाभ त्याला मिळावा आणि खर्च मात्र व्यवहाराशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच माणसाने सोसावा, असे घडते तेव्हा बाजाराचा हिशेब खोटा ठरतो. महामार्गावरचा वेग हे त्याचे ढळढळीत उदाहरण आहे. वेगाचा लाभ अकोल्याहून नांदेडला निघालेल्याला मिळतो. किंमत मोजतो तो वाटेवरच्या गावातला, गाडी नसलेला माणूस.

हा लाभ तरी केवढा? वस्तीतून जाणारा एक किलोमीटर रस्ता घ्या. ताशी ८० किलोमीटर वेगाने तो ४५ सेकंदांत संपतो, ताशी ३० किलोमीटर वेगाने १२० सेकंदांत. फरक पंच्याहत्तर सेकंदांचा. वाटेत अशी दहा गावे लागली आणि दहाही गावांत वेग कमी केला, तर सगळा उशीर साडेबारा मिनिटांचा होईल.

आता रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या म्हातारीच्या बाजूने हिशेब करा. चौपदरी रस्त्याच्या चार मार्गिका मिळून चौदा मीटर होतात. सेकंदाला एक मीटर या चालीने तिला चौदा सेकंद लागतात. तेवढ्यात ८० च्या वेगाने येणारे वाहन तीनशे मीटरहून अधिक अंतर कापते. तिने पहिले पाऊल टाकले तेव्हा जे वाहन दूर, कदाचित दिसतही नव्हते, ते ती पलीकडे पोहोचण्याआधी तिच्यापाशी येते. मग आपण म्हणतो, 'न बघता रस्ता ओलांडला!' तिने बघितले होते. रस्त्यानेच तिला पुरेसा वेळ दिला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडील मृत्यूंपैकीही २०२२ साली सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. असे असताना रस्ता सुरक्षा सप्ताहात आपण काय करतो? शाळकरी मुलांच्या हातात फलक देऊन त्यांनाच सावधगिरी शिकवतो. बळी पडणाऱ्याला उपदेश करायचा आणि वेगाला हात लावायचा नाही, हे शिक्षण नव्हे. ही जबाबदारीची चुकवाचुकवी आहे.

कायदा नाही असेही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. २०१९ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. दंड वाढले, आणि ते आपल्या सर्वांना ठाऊक आहेत, कारण मोटारसायकलवाल्याला ते भरावे लागतात. परंतु त्याच दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ किती जणांना माहीत आहे? रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे कोणी मेले अथवा अपंग झाले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १३६-अ प्रमाणे महामार्गांवर यंत्राने वेग मोजून कारवाई करण्याची तरतूद आहे. आपल्या भागात शिरस्त्राणाचा दंड झालेले शेकडो लोक भेटतील. १९८-अ खाली दंड झालेला एक तरी ठेकेदार आपण पाहिला आहे काय? कायद्याचा हात खालच्या माणसापर्यंत चटकन पोहोचतो. वर जाताना तो आखडतो.

याहून क्रूर गोष्ट 'अपघातप्रवण स्थळ' या सरकारी व्याख्येत आहे. सुमारे पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात व्हावेत, अथवा दहा माणसे मरावीत, तेव्हा ती जागा या यादीत बसते. म्हणजे भुयारी मार्ग मागायचा तर अर्जासोबत प्रेते जोडावी लागणार! स्वीडनच्या संसदेने १९९७ साली याच्या उलट तत्त्व स्वीकारले: माणूस चुकणारच, त्याच्या चुकीची शिक्षा मरण असू नये अशी रस्त्याची रचना करणे हे राज्याचे काम आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये पदपथाचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. तो हक्क मुंबई-पुण्याच्या नागरिकांपुरता नाही, नाक्यावरच्या मजुराचाही आहे.

एक सावधगिरीचा इशारा मात्र द्यायला हवा. अपघात झाला की जमाव ट्रकचालकाला गाठतो. चालक हा आपला शत्रू नव्हे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने त्याचे काम दिवसाला आठ तास ठरवले होते. खेपेवर पैसे आणि वेळेवर पोहोचण्याचा तगादा असेल, तर तो आठ तासांवर थांबेल कसा? मजुराने मजुराला चिरडावे आणि तिसऱ्याने नफा मोजावा, ही व्यवस्था आपल्याला ओळखता आली पाहिजे. तसेच थोडे स्वतःकडेही पाहू. मोकळी कड दुकानाच्या फळ्यांनी व उभ्या वाहनांनी अडवून आपणच आपल्या माणसांना डांबरावर ढकलतो. रात्री परावर्तक न लावता हळद-सोयाबीनची ट्रॉली रस्त्यावर काढणे हाही गुन्हाच आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. वस्तीच्या टप्प्यात ताशी ३० ची मर्यादा आणि ती राखणारी यंत्रे. शाळा, दवाखाना आणि बसथांबा यांच्याजवळ दिवे असलेला ओलांडमार्ग, आणि जेथे रस्ता चौपदरी आहे तेथे भुयारी मार्ग. दोन्ही कडांना चालण्याची जागा. हे सर्व मृत्यू मोजण्याआधी, ग्रामसभेच्या ठरावाने मागावे. धडक देऊन पळालेल्या वाहनामुळे कोणी दगावले, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे वारसांना दोन लाख रुपये व गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. तो अर्ज भरून देण्यासाठी गावातील दोन तरुणांनी तरी पुढे यावे. आणि गाडी नसलेल्यांसाठी एस. टी. वाढवा ही आपली जुनी मागणी सोडू नये.

१९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा प्रश्न विचारला. देशाची संपत्ती किती वाढली यापेक्षा तळच्या माणसाच्या वाट्याला दिवसाला काय येते, हे त्यांना विचारायचे होते. रस्त्यांबाबतही आज तोच प्रश्न विचारला पाहिजे. किती किलोमीटर बांधले हे मंत्री सांगतीलच. ते रस्ते पायी ओलांडणाऱ्याला किती सेकंद मिळाले, हे आपण विचारू. आपल्याला महामार्ग अडवायचा नाही. जाणाऱ्याने या गावात पंच्याहत्तर सेकंद द्यावेत, एवढेच मागायचे आहे. नाक्यावर एवढी जकात जास्त नाही.