हेन्रिएटा स्ट्रीटवरील चौदा नंबरचे घर



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि रात्री उशिराच्या लोकलमध्ये. तेव्हा चिटणीसांनी मला बोलावले ते कामगार कायद्यावर दोन शब्द ऐकावयास मिळतील म्हणूनच असणार. पण त्या विषयावर मी बारा महिने बोलत असतो, आणि घरची मंडळी म्हणतात की झोपेतही बोलतो. आज एका घराविषयी बोलण्याची परवानगी असावी.

हे घर आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे आहे. काही वर्षांपूर्वी युनियनच्या कामाने त्या शहरी जाण्याचा योग आला. एक दुपार मोकळी मिळाली. बरोबरचे लोक तिथला प्रसिद्ध मद्याचा कारखाना पाहावयास गेले. मी पडलो न पिणारा. कोणीतरी म्हणाले, तुम्हाला चाळींची आवड, तर हेन्रिएटा स्ट्रीटवरचे चौदा नंबरचे घर पाहा. चाळीची आवड हा शब्दप्रयोग मी तरी प्रथमच ऐकला. जन्म चाळीत झाला, त्यात आवडीनिवडीचा प्रश्न कुठे आला? पण गेलो.

इंग्लंडच्या गादीवर १७१४ पासून १८३० पर्यंत ओळीने चार जॉर्ज बसले. त्या काळच्या घरांना जॉर्जियन घरे म्हणतात. बाहेरून पाहाल तर साधी विटांची भिंत, उंच खिडक्यांच्या रांगा आणि एक दरवाजा. श्रीमंती सगळी आत : छताला नक्षीदार गिलावा, शेकोटीला संगमरवरी चौकट, आणि पाहुण्यांनी चढून येताना दबून जावे असा रुंद जिना. नोकरांसाठी मागे दुसरा, अरुंद जिना. मालकाच्या नजरेस न पडता कोळसा वर न्यावा आणि घाण खाली आणावी, यासाठी तो बांधलेला असे. हे दोन जिने कृपा करून ध्यानात ठेवा.

ल्यूक गार्डिनर नावाच्या धनिकाने ही गल्ली १७२० च्या दशकात आखली. चौदा नंबर बांधले गेले १७४० च्या दशकाच्या अखेरीस, तळघरावर चार मजले. पहिले राहणारे लॉर्ड मोल्सवर्थ. हे सेनापती होते. तरुणपणी, १७०६ साली, रामिलीच्या लढाईत सरदार मार्लबरो घोड्यावरून पडले असता यांनी आपला घोडा देऊन त्यांचे प्राण वाचविले. पुढे एक लॉर्ड चॅन्सेलर राहून गेले, एक बिशप राहून गेले. त्यांची नावे पुस्तकांत आहेत, ज्यांना हवी त्यांनी पाहावी. गिलाव्याची नक्षी ज्या गवंड्यांनी काढली त्यांची नावे कोणी टिपून ठेवली असती तर ती मी आपणांस आनंदाने वाचून दाखविली असती.

मग १८०१ साल उजाडले. आयर्लंडचे स्वतःचे पार्लमेंट मोडून ते लंडनच्या पार्लमेंटात मिसळण्यात आले. ज्यांना राजकारण करावयाचे ते लंडनला गेले. सरदार गेले, त्यांच्यामागे त्यांचे शिंपी, त्यांचे गाडीवान, त्यांचे कर्जदातेही गेले असतील. मोठी घरे वकिलांकडे आली. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ झाला आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या दुष्काळात जमीनदारही कर्जात बुडाले. त्यांच्या इस्टेटी विकून टाकण्यासाठी १८४९ च्या कायद्याने एक खास कोर्ट स्थापन झाले. ते कोर्ट बसले या चौदा नंबरातच. जी खोली जमीनदाराच्या मेजवान्यांसाठी बांधली, तिथे जमीनदारांचे लिलाव झाले. नंतर काही वर्षे शिपाईगडी राहिले.

१८७७ साली टॉमस व्हॅन्स नावाच्या गृहस्थांनी हे घर विकत घेतले. त्यांनी हिशेब केला. रुंद जिना म्हणजे जागा फुकट. तो त्यांनी काढून टाकला, त्या पोकळीत खोल्या बसविल्या, आणि घराची एकोणीस बिऱ्हाडे पाडली. वर्तमानपत्रात जाहिरात दिली की प्रतिष्ठित कुटुंबांसाठी जागा भाड्याने देणे आहे, नवा रंग आहे, गॅस आहे, नळाचे पाणी आहे. जाहिरातीतले घर नेहमीच चांगले असते. वर जायला उरला तो मागचा नोकरांचा जिना. पुढे शंभर वर्षे जो जो त्या घरात राहिला, तो त्याच जिन्याने चढला आणि उतरला.

१९११ साली शिरगणती झाली. या एका घरात शंभर माणसे निघाली. त्या आखूड गल्लीत साडेआठशेंहून अधिक.

त्या शिरगणतीचे मूळ कागद आज कोणालाही पाहता येतात. कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला तक्ता. ज्याला लिहिता येत नसे तो खूण करी. कागदपत्रे वाचणे हा माझा धंदा आहे. मालकांनी नजरेआड केलेला रकाना शोधणे यात माझे आयुष्य गेले. त्या तक्त्यात एक रकाना असा आहे की तो पाहून मी थबकलो. विवाहित स्त्रीला विचारले आहे : लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली, आणि त्यांतली आज जिवंत किती. दोन आकडे शेजारी शेजारी लिहावयाचे. सरकारी कारकुनाच्या दृष्टीने ती एक वजाबाकी. ज्या बाईने नवऱ्याला ते आकडे सांगितले असतील, तिने ते त्याच खोलीत बसून सांगितले असतील, जिथे त्यांतली काही मुले गेली. क्षय, गोवर, जुलाब. अशा घरांतून बहुधा मागच्या अंगणात एक नळ असे आणि संडास मोजके. रात्रीची बादली सकाळी कोणाला तरी त्या अरुंद जिन्यावरून खाली न्यावी लागे. जिना त्याच कामासाठी बांधला होता, हे मघाशी आपण पाहिलेच.

आठवड्याचा क्रमही ऐकण्यासारखा आहे. सोमवारी नवऱ्याचा रविवारचा कोट गहाणवटीच्या दुकानात जाई, शनिवारी पगार झाला की सोडवून आणला जाई, रविवारी चर्चला, आणि सोमवारी पुन्हा दुकानात. आमच्याकडे कोटाऐवजी तांब्याचा हंडा जात असे.

आता मी कामगार संघटनेचा माणूस. १९१३ सालाचे नाव न घेता डब्लिन सोडणे मला शक्य नाही. जिम लार्किन यांच्या युनियनमध्ये राहणार नाही असे लिहून द्या, नाहीतर काम नाही, असे मालकांनी सांगितले. ऑगस्टात ट्रामवाल्यांचा संप झाला आणि पाठोपाठ सुमारे वीस हजार कामगारांवर टाळेबंदी लादली गेली. ती पुढल्या वर्षापर्यंत चालली. अशा वेळी शंभर माणसांच्या घरात भाडे कोण भरणार आणि चूल कशी पेटणार? ऐन त्या दिवसांत, २ सप्टेंबरला, चर्च स्ट्रीटवरच्या अशाच दोन चाळी कोसळल्या. सात माणसे गेली. त्यात यूजीन सॅमन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. बिस्किटांच्या कारखान्यातले त्याचे काम टाळेबंदीत गेले होते. भावंडांना त्याने बाहेर काढले, आणि धाकट्या बहिणीसाठी पुन्हा आत गेला तो परत आला नाही.

मग चौकशी समिती नेमली गेली. चौकशी समित्या माणसे मेल्यावरच का नेमतात हे मला आजतागायत समजलेले नाही. समितीला आढळले की शहरात पंचवीस हजारांवर कुटुंबे अशा चाळींत राहतात आणि त्यांतली वीस हजार एका खोलीत. चाळींच्या मालकांत खुद्द नगरपालिकेचे काही सभासद होते. आपल्या सभेत आता जे हसले, त्यांना मी काय म्हणतो ते समजले.

पुढे नगरपालिकेने शहराबाहेर नवी घरे बांधली. कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. १९६३ च्या जूनमध्ये पुन्हा दोन ठिकाणी जुनी घरे पडली. त्यातले एक बोल्टन स्ट्रीटवर, म्हणजे हेन्रिएटा स्ट्रीटच्या तोंडाशीच. एक वृद्ध जोडपे त्यात गेले. चौदा नंबरातले शेवटचे बिऱ्हाड हलले ते १९७० च्या दशकाच्या शेवटी. मग पाऊस आणि कबुतरे.

२००० च्या सुमारास नगरपालिकेने हे घर ताब्यात घेण्यास सुरुवात केली. दहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्ती चालली आणि २०१८ च्या सप्टेंबरात ते लोकांसाठी खुले झाले. आणि ज्यासाठी मी आपला वेळ घेतला ती गोष्ट आता येते. दुरुस्ती करणाऱ्यांपुढे प्रश्न होता की घर कोणाचे म्हणून दुरुस्त करावयाचे? सरदाराचे करावयाचे तर सोपे होते. भिंती खरवडून काढा, सोनेरी रंग द्या, लॉर्डसाहेबांची तसबीर लावा. जगभर हेच करतात. त्यांनी तसे केले नाही. छताची नक्षी सांभाळली, पण भिंतीवरचे चाळीतल्या दिवसांचे रंगाचे आणि कागदाचे थर तसेच राहू दिले. जमिनीवर लिनोलियमचे तुकडे सापडले, तेही ठेवले. तिथे जन्मलेल्या, आता म्हाताऱ्या झालेल्या माणसांना बोलावून त्यांच्या आठवणी टिपल्या.

जिन्याच्या भिंतीला दोन रंग आहेत. एक तांबडा, एक निळा. वाटाड्या म्हणाला, तांबडा म्हणजे मातीचा, आणि निळा म्हणजे रेकिट कंपनीची नीळ, कपड्यांना घालायची. मी भिंतीला हात लावला. लावायचा नसतो, पण लावला. काव आणि नीळ! आमच्या कोकणातल्या घराच्या ओट्याची कडा कावेची आणि खोलीचा चुना निळीचा. हजारो मैलांवरच्या बाईने स्वस्तात भिंत उजळावी म्हणून तीच दोन द्रव्ये निवडली होती.

मला तिथे आनंद झाला असे मी म्हणणार नाही. मला शरम वाटली. वरळीच्या चाळीतली आमची १६० चौरस फुटांची खोली पुनर्बांधणीसाठी रिकामी करावयाची वेळ आली, तेव्हा मीच उभा राहून भंगारवाल्याला सगळे दिले होते. वडिलांची पत्र्याची ट्रंक, तिच्यात गिरणीचा पास, भाड्याच्या पावत्या, १९८२ च्या संपातल्या वर्गणीच्या चिठ्ठ्या. जी माणसे वर्षानुवर्षे चाळीत पिचली त्यांना चांगले घर मिळवून देण्यासाठी मी सभा घेतल्या, मोर्चे काढले, त्याबद्दल मला तसूभर पश्चात्ताप नाही. कोणी मला चाळीच्या गोडव्याच्या गप्पा सांगू लागला तर मी त्याला रात्रीच्या बादलीची आठवण देतो. पण ट्रंक मी दोनशे रुपयांना दिली. आणि डब्लिनला कोणा अनोळखी बाईच्या जमिनीचा हातभर तुकडा मी खाली वाकून पाहात होतो.

त्या घराविषयी तक्रारही करता येईल, आणि मी केलीच. भिंती सांभाळल्या त्या माणसे गेल्यावर. शहराबाहेर गेलेल्यांना शेजार तुटला, काम लांब पडले, बसचे भाडे वाढले. आज तिकीट काढून जो आत जातो त्याला त्या गल्लीत भाड्याने खोली परवडेल की नाही, हा प्रश्न मी वाटाड्याला विचारला. तो सज्जन होता. हसून म्हणाला, मलाही परवडत नाही.

परत आल्यावर आईला सगळे सांगितले. ती ऐंशी उलटून गेली आहे, आता विसाव्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट बंद पडली की मला दोष देते. लॉर्ड, बिशप, कोर्ट, शंभर माणसे, सगळे तिने ऐकून घेतले. मोल्सवर्थसाहेबांच्या घोड्याविषयी तिने चौकशी केली नाही.

"अरे, पण नळ एकच म्हणालास ना?"

"हो, अशा घरांत एकच असायचा. मागच्या अंगणात."

"मग पहिली कळशी कुणाची, ते कोण ठरवायचं?"