जादा आलेले पैसे परत देण्याआधी

(नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे आणि तिसऱ्या क्रमांकावर 'फोनवरची विक्री' असे लिहिले आहे. सकाळी दोघातिघांनी विचारले, हा विषय संघटनेचा कसा? शेतकऱ्याच्या घरातून पैसा ज्या ज्या वाटेने बाहेर जातो, ती प्रत्येक वाट संघटनेचा विषय आहे. वाट नवी निघाली म्हणून ती आपली नाही असे म्हणून चालणार नाही.

फसवणूक आपल्याला नवी नाही. या जिल्ह्यातल्या द्राक्षवाल्यांना विचारा. व्यापारी पहिली गाडी रोखीने नेतो, दुसऱ्या गाडीला चेक देतो, तिसऱ्या गाडीनंतर त्याचा फोन लागत नाही. २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा तक्रारींचा ढीग लागला आणि कोट्यवधी रुपये वसूल झाले. न वटलेला चेक १ एप्रिल १९८९ पासून कायद्याने गुन्हा आहे. तरी चेक परत येतच राहिले. पण ही सगळी फसवणूक कमी देण्याची होती. माल पूर्ण न्यायचा आणि पैसे कमी द्यायचे किंवा द्यायचेच नाहीत, एवढीच तिची रीत. म्हणून आपली नजरही तेवढीच शिकली. कोण कमी देतो, काट्यात कोण मारतो, हे आपल्याला लांबून कळते.

आता जो भामटा आला आहे तो जास्त देतो. निदान तसे दाखवतो. आणि तिथे आपली नजर चालत नाही.

आमच्याच एका कार्यकर्त्याची गोष्ट सांगतो. तो सिन्नरच्या पूर्व भागातला, पावसाने दगा दिला की जनावरे कमी करावी लागतात असा मुलूख. त्याने दोन जनावरे विकली, मग कडबाकुट्टी यंत्र पडून राहिले. पोराने त्याचा फोटो काढून जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकला. किंमत लिहिली १८ हजार. तासाभरात फोन आला. समोरचा हिंदीत बोलत होता. देवळाली कॅम्पात तोफखान्यात आहे म्हणाला, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवले. यंत्र पसंत आहे, गावाकडे भावाला पाठवायचे आहे, माणूस आणि टेम्पो उद्या पाठवतो, पैसे आत्ताच टाकतो. भाव केला नाही. पाते विचारले नाही, मोटर किती अश्वशक्तीची तेही विचारले नाही.

पाच मिनिटांत फोनवर मेसेज आला, तुमच्या खात्यात ८१ हजार जमा. मागोमाग साहेबांचा फोन. आवाज रडवेला. "भाऊ, आकडे उलटे पडले. १८ च्या जागी ८१ गेले. पत्नी दवाखान्यात आहे, तिच्या ऑपरेशनचे पैसे होते. ६३ परत टाका, तुमच्या पाया पडतो."

आमच्या कार्यकर्त्याने काय करावे? दुसऱ्याचा पैसा, तोही दवाखान्याचा. तो आपल्याकडे एक रात्रही राहता कामा नये, या विचाराने त्याने लगेच ६३ हजार पाठवायला घेतले. फोन म्हणाला, शिल्लक अपुरी. त्याला वाटले, बँकेची लाइन बंद असेल, आलेली रक्कम अजून चढली नसेल. खात्यात त्याचे स्वतःचे ४६ हजार होते, कापसाचे. त्याने आधी ४० पाठवले, मग ५. उरलेले १८ उद्या टाकतो म्हणून माफीही मागितली!

भावांनो, इथे जरा थांबा. खात्यात ४६ होते. त्यात खरोखर ८१ आले असते तर एकूण १ लाख २७ हजार झाले असते. मग ६३ पाठवताना शिल्लक अपुरी पडलीच नसती. पैसे आलेले नाहीत हे त्याला त्याच्याच फोनने सांगितले होते. त्याने फोनवर विश्वास ठेवला नाही, रडणाऱ्या माणसावर ठेवला. तो मेसेज बँकेचा नव्हताच. भामट्याने आपल्याच नंबरवरून बँकेच्या भाषेत टाइप करून पाठवला होता. बँकेचा मेसेज बँकेच्या अक्षरी नावाने येतो, दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. पण घाईत तेवढे कोण पाहतो?

लोक म्हणतात, माणूस लोभाने फसतो. दामदुपटीच्या योजनांत ते खरे असेल, इथे नाही. लोभी माणसाने ८१ हजार आले असे समजून गप्प राहणे पसंत केले असते आणि तो वाचला असता. हा फसला तो प्रामाणिक होता म्हणून. या भामटेगिरीत शेतकऱ्याच्या इमानाचा गळ करून त्यालाच पकडतात. म्हणून आम्ही कोणाला 'प्रामाणिकपणा सोडा' असे सांगायला उभे नाही. परत द्यायचेच. पण आधी आले आहेत का ते पाहायचे, आणि आले असले तरी आपल्या हाताने परत पाठवायचे नाहीत.

आले आहेत का ते पाहायचे कसे? बियाण्याच्या पिशवीवर उगवण किती टक्के ते छापलेले असते. तरी शहाणा शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजतो. मेसेज म्हणजे पिशवीवरचा छापा. पैसे पाठवल्याचा समोरच्याने दाखवलेला फोटो हाही छापाच, आणि तो तर वाटेल तसा बनवता येतो. उगवण म्हणजे खात्यातली शिल्लक. ती आपण स्वतः ॲप उघडून पाहायची, किंवा बँकेच्या नंबरवर मिस्ड कॉल देऊन, किंवा पासबुक भरून. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवरून कधीच नाही. शिल्लक पाहायला पिन लागतो हे खरे. पण पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही. जो म्हणतो, 'पैसे मिळायला पिन टाका', तो चोर.

आता दुसरा प्रकार, जो आम्हाला अधिक धोक्याचा वाटतो. समजा शिल्लक पाहिली आणि जादा पैसे खरोखरच आलेले आहेत. मग तरी परत द्यायला हरकत काय? हरकत अशी, की ते पैसे बहुतेक वेळा बोलणाऱ्याचे नसतात. सोलापूरच्या किंवा सुरतेच्या कोणा माणसाला गंडा घालून ते तुमच्या खात्यात उतरवलेले असतात. तुम्ही ते भामट्याने सांगितलेल्या तिसऱ्याच खात्यात टाकलेत की चोरीचा माल पुढे सरकवणाऱ्यांच्या साखळीत तुमचे नाव लागले. लुबाडलेला माणूस तक्रार करतो, पोलीस पैशाचा माग काढतात आणि तुमचे खाते गोठते. त्याच खात्यात कापसाचे पैसे यायचे असतात, त्याच खात्यावर पीकविमा आणि अनुदान जोडलेले असते. ऐन पेरणीत खाते बंद म्हणजे काय होते ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

तेव्हा अशा वेळी एक पानी अर्ज लिहून बँकेत द्यायचा. अमुक तारखेला अमुक रक्कम माझ्या खात्यात अनोळखी माणसाकडून आली, ती माझी नाही, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात बँकेने परत करावी. पोच घ्यायची. रक्कम खर्च करायची नाही. फोन करणाऱ्याला सांगायचे, 'बँकेत अर्ज दिला आहे, तुम्हीही तुमच्या बँकेत द्या.' खरा माणूस तुमचे आभार मानील. भामटा शिवी देईल आणि फोन ठेवील.

तिसरा प्रकार क्यूआर कोडचा. समोरचा आधी पाच-दहा रुपये खरोखर टाकतो, विश्वास बसवतो, मग चौकोनी चित्र पाठवून म्हणतो, हे स्कॅन करा म्हणजे बाकीचे जमा होतील. ते चित्र पैसे घेणाऱ्याचा पत्ता असते. स्कॅन करणारा पैसे देतो, घेत नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीतल्या एका मोठ्या राजकीय घरात जुना सोफा विकायला काढला होता, तिथे या पद्धतीने ३४ हजार गेले. तेव्हा अंगठा उठवणारेच फसतात असे कोणी मानू नये. फोनवर 'पैशाची मागणी' पाठवून ती मंजूर करून घ्यायची आणखी एक युक्ती होती. माणसामाणसांतली तशी मागणी पाठवण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. उशिरा का होईना, बरे केले. क्यूआरचे दुकान मात्र चालूच आहे.

अमेरिका-युरोपातही हेच चालते, तिथे त्याचे साधन चेक. घेणारा जास्त रकमेचा बनावट चेक पाठवतो आणि सांगतो, उरलेले वाहतूकवाल्याला द्या. तिथली बँक चेक पुरता वटण्याआधीच रक्कम वापरायला देते, चेक खोटा निघाल्याचे काही दिवसांनी कळते, आणि भरपाई विकणाऱ्याने करायची. आपल्याकडे चेक वटल्यावरच पैसे मिळतात, म्हणून इथे भामटे चेक भरल्याच्या पावतीचा फोटो पाठवतात आणि टेम्पोचे भाडे तेवढे तुम्ही द्या म्हणतात. पावती म्हणजे पैसे नव्हेत.

हे करणारे कोण? २०२३ च्या एप्रिलात हरियाणा पोलिसांनी सुमारे पाच हजार शिपाई घेऊन नूह जिल्ह्यातल्या १४ गावांवर एकाच रात्री छापे घातले. देशभरातल्या सुमारे २८ हजार लोकांना मिळून शंभर कोटींना गंडा घातला गेला, असे त्यांनी नंतर सांगितले. हा तोच मेवातचा मुलूख, जो २०१८ साली नीती आयोगाच्या यादीत देशातला सगळ्यात मागासलेला जिल्हा ठरला होता. तोही कोरडवाहूच. शेतीतून पोट भरले असते तर तिथल्या किती पोरांनी हा धंदा धरला असता, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. पण त्यांनी लुटायला निवडला तो आपल्यासारखाच माणूस, याला क्षमा नाही.

आता आमच्या कार्यकर्त्याकडे परत येऊ. त्याची सगळ्यात मोठी चूक पैसे पाठवण्याची नव्हती. तो तीन दिवस गप्प बसला, ही होती. बायकोला सांगितले नाही, पोराला सांगितले नाही, आम्हाला तर नाहीच. लाज वाटली. गाव हसेल. त्या तीन दिवसांत पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरून कुठल्याशा एटीएममधून निघून गेले. हा खेळ पहिल्या तासाचा आहे. १९३० हा नंबर त्यासाठीच आहे. त्यावर लगेच फोन केला तर पैसा ज्या खात्यात असेल तिथे तो अडवता येतो. पैसे कधी गेले, किती गेले, व्यवहाराचा क्रमांक कोणता, एवढे हाताशी ठेवायचे. त्यानंतर आपली बँक आणि जवळचे पोलीस ठाणे.

बँकेला कळवण्याचे आणखी एक कारण. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली परिपत्रक काढले, सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी वेगळे काढले. ग्राहकाने स्वतःच्या हलगर्जीपणाने पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. म्हणून कळवल्याची वेळ लिहून घ्यायची, तक्रारीचा क्रमांक घ्यायचा. आमचे स्पष्ट मत आहे की ही वाटणी न्यायाची नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटा बंद करून रोकड सोडा, फोन धरा असे ज्यांनी सांगितले, त्यांनी फोनवरच्या चोरीचा भार फोन धरणाऱ्यावर टाकून मोकळे होऊ नये. कोणतीही सूचना न देता शेतकऱ्याचे सगळे खाते गोठवण्याऐवजी वादातली रक्कम तेवढीच अडवावी, ही मागणी आजच्या ठरावात आम्ही घालत आहोत.

ठराव होईल तेव्हा होईल. तोवर विकायचे कसे? आपल्या बापजाद्यांनी घोटीच्या बाजारात बैल विकले तसेच. तिथे घेणारा दात पाहतो, दोन दाती की जुळलेला, खूर पाहतो, चालवून पाहतो, मग रुमालाखाली बोटे धरून भाव होतो. पटला तर विसार देतो, आणि बाकीचे दिल्याशिवाय दावे हातात पडत नाही. ज्याने दात न पाहता बैल मागितला त्याच्याकडे हेडी संशयानेच पाहील. फोनवर जाहिरात खुशाल द्या, गिऱ्हाईक लांबून येते, भाव चांगला मिळतो. पण वस्तू दाखवायची ती खळ्यावर, आणि पैसे मोजायचे तेही तिथेच. 'मी येऊ शकत नाही' म्हणणाऱ्याला सांगायचे, येता येईल तेव्हा या. तो लष्करातला असो की कलेक्टर कचेरीतला. लष्कराचे नाव मुद्दाम घेतात, कारण त्या गणवेशावर आपला विश्वास आहे. नाशिकमध्ये देवळाली जवळच असल्यामुळे ते आणखी खरे वाटते.

प्रत्येक शाखेने फोन नीट कळणारी दोन पोरे-पोरी नेमावीत. ज्याला संशय आला त्याने पैसे पाठवण्याआधी त्यांच्याकडे जावे. आणि जो फसून येईल त्याला कोणी हसायचे नाही, आधी १९३० लावून द्यायचा. चहापाण्यानंतर बाहेरच्या ओट्यावर आमची दोन मुले बसणार आहेत. बँकेचा मेसेज कोणता आणि बनावट कोणता, ते तुमच्याच फोनवर दाखवतील. मायबहिणींनी आपले फोन घेऊन पुढे यावे. बचत गटांची खाती त्यांच्याच हातात आहेत.

त्या ४५ हजारांपैकी अजून काही हाती लागलेले नाही. कडबाकुट्टी मात्र गेल्या महिन्यात विकली गेली. घेणारा शेजारच्याच तालुक्यातला. दोन तास बसला, पाते काढून पाहिले, मोटर चालवून पाहिली, दोन पेंढ्या कडबा कापून पाहिला, पट्टा जुना आहे म्हणून दीड हजार तोडले. साडेसोळा हजार ओट्यावर मोजून दिले, आणि मग ट्रॅक्टरला जोडून घेऊन गेला.