बाटलीतलं समुद्री शेवाळ



कोल्हापूरकरांना समुद्र गाठायचा तर गगनबावड्याचा नाहीतर आंब्याचा घाट उतरावा लागतो. पण समुद्रातलं शेवाळ हे घाट चढून केव्हाच आपल्याकडे आलं आहे. कृषी सेवा केंद्रात ते ‘सीवीड’ नावाच्या काळपट बाटलीत असतं, किराणा दुकानात चायना ग्रासच्या पुड्यात. दातांचे डॉक्टर कवळीसाठी माप घेतात ती पावडर आणि सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंगांची छपाई करताना रंगाला दाटपणा आणणारा पदार्थ, या दोन्हींचं मूळही समुद्री शेवाळातच. अडचण इतकीच, की आपण या सगळ्याला एकच वस्तू समजतो, आणि विकणाऱ्यालाही तेच सोयीचं असतं. आज मला सांगायचंय ते हे, की शेवाळाचा रंग बदलला की त्याचं रसायन बदलतं, आणि रसायन बदललं की उपयोगही बदलतो.

रंग तीन. हिरव्या शेवाळात आपल्या गवतासारखंच हरितद्रव्य असतं. तपकिरी शेवाळात हरितद्रव्याला झाकून टाकणारं फ्यूकोझॅन्थिन नावाचं रंगद्रव्य असतं. तांबड्यात फायकोएरिथ्रिन असतं. खोल पाण्यात पोचणारा निळा-हिरवा प्रकाश ते पकडतं, म्हणून काही तांबडी शेवाळं बरीच खोलवर जगू शकतात. ही तिन्ही एकाच घराण्यातली असतील असं वाटतं, पण तपकिरी शेवाळ वंशाने वनस्पतींपासून फार दूरचं आहे. पावसाळा सरल्यावर रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी गेलात तर तिन्ही दिसतील. पातळ हिरव्या पानासारखं उल्व्हा, हवेचे बारीक फुगे असलेलं तपकिरी सरगॅसम, आणि तांबूस दोऱ्यांसारखं ग्रॅसिलारिया. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. जी. व्ही. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकातच अशा शेवाळांचा आणि खारफुटीचा अभ्यास केला होता. खाऱ्या पाण्यात या वनस्पती अन्न कसं तयार करतात, हा त्यांचा विषय. समुद्रापासून इतक्या दूर बसून!

ताज्या शेवाळात शंभरात ऐंशी-नव्वद भाग पाणी असतं. किलोभर वाळवलं तर हातात शंभर-दोनशे ग्रॅम येतं. त्या वाळलेल्या मालात क्षार भरपूर. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम मिळून पाचव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही जास्त. स्निग्ध पदार्थ अगदी थोडे. प्रथिनं मात्र रंगानुसार वेगळी: तपकिरीत साधारण ५ ते १५ टक्के, हिरव्या-तांबड्यात बहुधा १० ते ३०. तेव्हा ‘शेवाळ म्हणजे प्रथिनांचा खजिना’ असं कुणी म्हणालं, तर आधी कुठलं शेवाळ ते विचारावं.

उरलेला मोठा भाग कर्बोदकांचा, आणि खरी गंमत तिथंच आहे. हिरव्यात स्टार्च, सेल्युलोज आणि उल्व्हान. तपकिरीत अल्जिनिक आम्ल, लॅमिनारिन, मॅनिटॉल आणि फ्यूकॉयडान. तपकिरी शेवाळ लाटांच्या माऱ्यात तुटत नाही, वाकतं, ते या अल्जिनिक आम्लामुळे. काही जातींत वाळलेल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त तेच असतं. तांबड्यात अगार आणि कॅराजिनन. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत आणि टूथपेस्ट ट्यूबमधून नीट बाहेर यावी म्हणून जे कॅराजिनन वापरतात, ते हेच.

गृहिणींसाठी एक सूचना. चायना ग्रास म्हणजे अगार, पूर्ण शाकाहारी. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. अगार विरघळायला पाणी चांगलं उकळावं लागतं, पण घट्ट होतं ते ३५-४० अंशांवर आल्यावर, आणि मग उन्हाळ्यातही वितळत नाही. फक्त लिंबू-अननसाचा आंबट रस त्यात घालून उकळत ठेवू नका, आंबटात शिजलं की अगारची पकड जाते. भांडं उतरवून मग रस घाला. १८८०च्या सुमारास रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत फॅनी हेस या बाईंच्या सूचनेवरून जिवाणू वाढवायला अगार वापरू लागले. आजही आपला ‘कल्चर रिपोर्ट’ अगारवरच तयार होतो.

आता पोटात जाणाऱ्या शेवाळाविषयी. हल्ली थायरॉईडसाठी, वजनासाठी ‘केल्प’च्या गोळ्या घेतल्या जातात. केल्प म्हणजे मोठं तपकिरी शेवाळ, आणि ते समुद्रातलं आयोडीन साठवून ठेवतं. मुळात आयोडीनचा शोधच १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्तवाला समुद्री शेवाळाच्या राखेत लागला. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. आपल्या मिठात ग्राहकाच्या हाती पडताना ते किमान १५ पीपीएम असावं असा नियम आहे, म्हणजे दहा ग्रॅम मिठात गरज भागते. उलट, जपानी कोंबूसारख्या केल्पच्या एका ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅमहूनही अधिक आयोडीन असू शकतं. आयोडीन कमी पडलं तर थायरॉईड बिघडतो आणि फार झालं तरीही बिघडतो. ज्यांची थायरॉईडची गोळी चालू आहे आणि ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय केल्पला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जपानी ‘सुशी’भोवती गुंडाळतात ते नोरी तांबड्या शेवाळाचं असतं, त्यात आयोडीन कित्येक पट कमी. आणि स्पिरुलिनाला या पंगतीत बसवू नका. ते या तिन्हींपैकी नाही, ते निळं-हिरवं जिवाणूवर्गीय. त्यातलं बी-१२ आपल्या शरीराला बहुतांशी उपयोगी पडत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

आता शेतकरी मित्रांसाठी. सीवीडच्या बाटलीत मुख्यतः दोन प्रकारचा माल येतो. एक, अस्कोफायलम नावाच्या तपकिरी शेवाळाचा अर्क. हे उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातलं, आपल्या किनाऱ्यावर होत नाही. दुसरा, कॅपाफायकस या तांबड्या शेवाळाचा रस. त्याची शेती तमिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर होते. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ताजं कॅपाफायकस पिळून रस वेगळा आणि चोथ्यातून कॅराजिनन वेगळं, अशी पद्धत बसवली आणि २००५ मध्ये तिला अमेरिकन पेटंट मिळालं.

दोन्हींत काय असतं? पोटॅश, सूक्ष्म अन्नद्रव्यं, आणि अत्यल्प प्रमाणात सायटोकायनिन, ऑक्झिन, बीटेनसारखी द्रव्यं. मुळं फुटणं, ताण सोसणं यांवर या द्रव्यांचा परिणाम होतो. पण पोटॅशचा हिशेब करून बघा. समजा लेबलवर पोटॅश ५ टक्के लिहिलंय आणि तुम्ही एकरी अर्धा लिटर फवारलं. पोटॅश गेलं २५ ग्रॅम. आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी १७० किलो, म्हणजे एकरी ६८ किलो. तेव्हा ‘सीवीड मारलं, आता पोटॅश नको’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. शिवाय तपकिरी शेवाळाचा अर्क काढताना बऱ्याचदा पोटॅशियम हायड्रॉक्साईड वापरतात. बाटलीतलं पोटॅश त्यातलंही असतं, सगळं समुद्रातलं नसतं. त्यामुळे हा अर्क अल्कधर्मी असतो. कीटकनाशकात मिसळण्याआधी छोट्या बरणीत मिसळून साका बसतो का ते पाहावं.

कॅपाफायकसच्या रसाचे ऊस, भात, मका अशा पिकांवर प्रयोग झाले आहेत आणि फायदा दिसला आहे. पण बहुतेक प्रयोगांत शिफारशीची खतं दिलेली होती आणि रस पाण्याच्या ५-१० टक्के होता. दुकानातल्या बाटलीवर लिटरला दोन-तीन मिलि लिहिलेलं असतं. बाटलीतला अर्क किती आटवून घट्ट केला आहे हे कळल्याशिवाय त्या प्रयोगांचा दाखला तुमच्या शेताला लागू होत नाही. काळा रंग आणि मासळीसारखा वास यांवर जाऊ नका. ह्युमिक आम्लही काळंच असतं.

कोकणातून ओलं शेवाळ गाडीत भरून आणून शेतात टाकण्याचा विचार कुणाच्या मनात असेल, तर शिरोळकडच्या क्षारपड जमिनीवर ते मुळीच करू नका. मीठ तिथं आधीच फार आहे.

२३ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून अशी उत्पादनं ‘बायोस्टिम्युलंट’ या वर्गात घेतली. म्हणून घेताना तीन गोष्टी बघा: बायोस्टिम्युलंट म्हणून नोंदणी आहे का, कुठल्या शेवाळाचा अर्क ते लिहिलंय का, आणि पक्कं बिल मिळतं का. फवारताना शेतातल्या चार सऱ्या मोकळ्या सोडा. तोडणीला त्यांचा ऊस वेगळा बांधून वजन करा, शेजारच्या फवारलेल्या चार सऱ्यांशी ताडून पाहा, आणि फरक दिसला तरच पुढच्या हंगामाची बाटली घ्या.