परदेशी कमाई आणि घरचे आजारपण



मुलगा परदेशी स्थिरावू पाहतो आणि इकडे वडील अंथरुणाला खिळलेले असतात, अशा घरांविषयी मला आज बोलायचे आहे. आपण हा प्रश्न मुलाच्या मायेचा समजतो. माझ्या मते तो रजेचा आणि व्यवस्थेचा, म्हणजेच कामगार चळवळीचा प्रश्न आहे.

पूर्वी कोकणातला गडी मुंबईच्या गिरणीत असे. गावाहून तार आली की तो खाडा करून बोटीने निघे. पगार बुडे, पण माणूस आईच्या उशाशी पोहोचे. आज विश्रांतवाडी, कळस, धानोरी भागातला वायरमन किंवा ड्रायव्हर दुबईला जातो, तो हौसेनेच जातो असे समजू नका. पुष्कळदा वडिलांचे आजारपण हेच जाण्याचे कारण असते. मूत्रपिंडे निकामी झाली की आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसला न्यावे लागते आणि दर खेपेस चार-चार तास मोडतात. त्यासाठी पैसा हवा म्हणून मुलगा जातो; आणि तो गेला की वडिलांना रिक्षात बसवायला घरात माणूस उरत नाही. मग भार सुनेवर किंवा लेकीवर पडतो. मुलाने पाठविलेल्या रकमेचा हिशेब सगळी आळी करते. तिच्या बुडालेल्या रोजाचा हिशेब कोणी करीत नाही.

आता कायदा पाहू. भोसरीच्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार घेणाऱ्या कामगाराला, १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्य विमा योजनेचा आधार असतो. त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही तिच्यातून औषधोपचार मिळतो. नोकरी सोडून तो आखातात गेला की हा आधार सुटतो. झगडून मिळविलेला हक्क माणूस विमानतळावर खाली ठेवून जातो! त्याच्यासाठी सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना आहे. तीत अपघाती मृत्यूला दहा लाख रुपये आहेत. आईच्या कर्करोगाला काही नाही.

दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहे, तेथील कामगार कायदा २०२१ साली नव्याने झाला. आई किंवा वडील वारले तर त्यात तीन दिवसांची पगारी रजा आहे. ते आजारी असतील तर त्यासाठी वेगळी रजा नाही. वार्षिक रजा तीस दिवसांची, पण तिच्या तारखा मालकाच्या कामाच्या सोयीने ठरतात. म्हणजे मेलेल्या बापासाठी कायद्यात जागा आहे, जगणाऱ्या बापासाठी नाही. सगळ्या जगात असेच आहे असेही नाही. युरोपीय संघाने २०१९ साली आप्तांच्या शुश्रूषेसाठी वर्षाला किमान पाच दिवसांची रजा ठरविली. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून आठवडाभराची रजा मिळते. बिनपगारी का होईना, पण हक्काची. जे तेथे मागून मिळाले, ते इतरत्रही मागता येईल.

अशा टांगणीला लागलेला माणूस तिकडे रुजत नाही. नवी भाषा, नवे काम, नवे सोबती. पण सारे लक्ष फोनच्या घंटीकडे. त्याला नुसते ‘काळजी करू नकोस’ म्हणून भागत नाही. काळजी कोण घेणार ते सांगावे लागते.

म्हणून जाण्यापूर्वी कागदावर लिहून काढा : दवाखान्यात कोण नेणार, सही कोण करणार, पैसे कोणाच्या खात्यावर येणार आणि नेणाऱ्याचा बुडालेला रोज कोण भरून देणार. वडिलांना सत्तर वर्षे झाली असतील तर आयुष्मान कार्ड काढा; ऑक्टोबर २०२४ पासून त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. करारावर सही करण्यापूर्वी घरच्या आजारपणातील सुट्टीचे आणि तिकिटाचे कलम मागा. एकट्याने मागितले तर हसतील. भरतीच्या रांगेतल्या दहाजणांनी मिळून मागा. आणि संघटनांनी परदेशी गेलेल्याचे नाव यादीतून काढू नये. त्याच्या घरी महिन्यातून एकदा तरी जाऊन यावे.

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दरवर्षी विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. वारकरी एकटा चालत नाही, दिंडीत चालतो. परदेशी जाणारा मात्र एकटाच निघतो. आळीतल्या चार घरांनी दवाखान्याचे वार वाटून घेतले, तर त्याच्या घराला दिंडी मिळेल. हा उपकार नव्हे; उद्या आपल्यापैकी कोणाचाही मुलगा त्याच विमानात असेल.